आधी कागद वाचून दाखवा

(विश्रांतवाडी येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने पुण्याकडे निघाले की फुलेनगर मागे पडते आणि डेक्कन कॉलेजचे जुने दगडी आवार जवळ येते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली भारतीय अर्थशास्त्रावरचे आपले गाजलेले व्याख्यान याच कॉलेजात दिले. विलायती पुस्तकांतले अर्थशास्त्राचे नियम या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा त्याचा गाभा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे व्याख्यान ठाऊक असते. त्याच वर्षांत रानडे दुसरे एक काम करत होते, त्याची आठवण मात्र क्वचित निघते. दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याखाली ते विशेष न्यायाधीश होते. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत फिरून, कुणब्याने कोणत्या रोख्यावर अंगठा उठवला, त्याच्या हाती प्रत्यक्षात किती पडले आणि सावकाराच्या वहीत किती लागले, या भानगडींचा निवाडा खालची कोर्टे कसा करतात ते ते तपासत. आजच्या व्याख्यानाचा विषय ‘वस्तीत पैशाचे आणि ग्राहकहिताचे शिक्षण’ असा आहे. त्याला रानड्यांच्या व्याख्यानापेक्षा त्यांची ही फिरती अधिक उपयोगी पडते.

तो कायदा आला कुठून, हे थोडक्यात सांगायला हवे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ते लोण पसरले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने नेमलेल्या आयोगाला चौकशीत एक गोष्ट ठळक दिसली. जमावाला हवी होती ती सावकाराकडची खते, रोखे आणि हुकूमनामे. ते मुकाट्याने हवाली केले, तिथे पुढे फारसे काही घडले नाही. कागद जाळले आणि लोक पांगले.

कुणब्यांना हिशेब येत नव्हता म्हणून हे झाले, असे कुणी म्हणेल तर ते खोटे. बैलाच्या किमतीपासून बटाईच्या वाट्यापर्यंत सगळे त्यांना तोंडपाठ होते. त्यांना कागद वाचता येत नव्हता, आणि तो वाचून दाखवा असे सावकाराला सांगण्याची त्यांची टाप नव्हती. १८७९ च्या कायद्याने नेमकी तीच जागा पकडली. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावनिबंधकापुढे लिहिला जावा, दोन्ही पक्षांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला जावा आणि मगच त्यावर सही-अंगठा व्हावा, अशी तरतूद झाली. पैसे परत केल्याची पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक, हे ऋणकोचे हक्क ठरले. रोख्यावर आकडा काहीही असो, मूळ व्यवहार काय झाला हे खणून काढण्याची मुभा कोर्टाला मिळाली. सावकारांनी पळवाटा शोधल्याच. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचे आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देऊ असे नुसते तोंडी सांगायचे, हा प्रकार वाढला. कायदा एकटा पुरत नाही आणि शहाणपणही एकटे पुरत नाही, याचा धडा या जिल्ह्याला तेव्हाच मिळाला होता.

आता आजचे कर्ज घेऊ. हातातल्या फोनवर दहा मिनिटांत मंजूर होते आणि अटींच्या पडद्यावर ‘मान्य आहे’ असे बोटाने दाबायचे असते. अंगठा तोच, शाई तेवढी गेली.

समजा फुलेनगरातल्या एका कुटुंबाने एक लाख रुपये दोन वर्षांसाठी घेतले. एजंट सांगतो, व्याज बारा टक्के, फ्लॅट. म्हणजे दोन वर्षांचे चोवीस हजार; एकूण एक लाख चोवीस हजार भागिले चोवीस, महिन्याचा हप्ता ५,१६७ रुपये. हिशेब सरळ वाटतो आणि बेरीज-भागाकारात कुठेही चूक नाही. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असते. वर्षभराने जवळजवळ निम्मे मुद्दल परत गेलेले असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर चालूच राहते. शिल्लक मुद्दलावर धरले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात दोन हजारांची प्रोसेसिंग फी आणि दीड हजाराचा विमा आधीच कापून घेतला, तर हाती येतात साडेशहाण्णव हजार आणि खरा दर सव्वापंचवीस टक्क्यांवर चढतो. बारा म्हणून ऐकलेले पंचवीस निघते, आणि कुणी खोटे बोललेले नसते.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेचा एक नियम वस्तीत प्रत्येकाला माहीत असायला हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी घरगुती ग्राहकांना व छोट्या उद्योगांना दिलेल्या नव्या कर्जांसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेतला हा थोडक्या पानांचा तक्ता. त्यात सगळी फी, विमा वगैरे धरून निघणारा वार्षिक दर छापावा लागतो. इंग्रजीत त्याला एपीआर म्हणतात. त्या तक्त्यात नसलेली फी नंतर कर्जदाराच्या संमतीशिवाय लावता येत नाही. सुप्याच्या शेतकऱ्याने १८७५ मध्ये जे हिसकावून घेतले, ते आता मागितले की मिळते. मागायचे कसे, एवढे मात्र शिकवावे लागते. ‘फ्लॅट नको, एपीआर सांगा’ हे वाक्य दहा जणींनी एकाच शाखेत एका आठवड्यात म्हटले, तर तिथली बोलण्याची पद्धत बदलते. एकटीने म्हटले तर ‘मॅडम, सिस्टीममध्ये तसे नसते’ हे उत्तर ठरलेले.

या ‘दहा जणी’ महत्त्वाच्या आहेत, आणि त्यासाठी बिंदुमाधव जोशी यांची आठवण काढणे भाग आहे. १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामात उतरलेला हा माणूस पुढे भाववाढ, भेसळ आणि मापातले पाप यांच्यामागे लागला. १९७४ साली पुण्यात त्यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसे त्यांच्यासोबत होती. पाठोपाठ १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची रीत साधी होती आणि आजही तीच आहे. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी एक संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी भरायची, पैसे आगाऊ द्यायचे. माल घाऊक बाजारातून एकत्र घेतला जातो आणि संघातल्या एकीच्या घरी येऊन पडतो. वाटपाला सगळ्यांनी हजर राहायचे. नफा कुणालाच नाही.

स्वस्त तूरडाळ हा त्याचा दिसणारा फायदा होता. न दिसणारा फायदा असा की वर्षभर वाटपाला बसलेल्या गृहिणीला डाळीची प्रत हाताला कळू लागते, घाऊक आणि किरकोळ भावातले अंतर कळते, पाकिटावरच्या निव्वळ वजनाकडे नजर आपोआप जाते. कुणी तिला ‘ग्राहक म्हणून तुमचे सहा हक्क’ असे तक्त्यावर शिकवलेले नसते. ती व्यवहार करते आणि त्यातून शिकते. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला, तोपर्यंत अशा मंडळींनी बारा वर्षे घासाघीस केली होती. जोशी २०१५ साली गेले. त्यांच्यावर भाषणे पुष्कळ होतात. वाटपाच्या दिवशी सतरंजीवर बसून गहू मोजणाऱ्या बायका मात्र चळवळीच्या इतिहासात नावानिशी फारशा दिसत नाहीत.

पैशाच्या शिक्षणाचे बहुतेक कार्यक्रम जिथे फसतात ती जागा हीच. सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावायचा, ‘उत्पन्न वजा बचत बरोबर खर्च’ असे सूत्र दाखवायचे, समोसा आणि फोल्डर वाटायचे, शेवटी फोटो. वक्ता अनेकदा कुठल्या तरी कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि फोल्डरच्या शेवटच्या पानावर त्याचा फोन नंबर. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर या तीन संशोधकांनी २०१४ साली २०१ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. लोकांच्या पैशाच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का भाग अशा शिकवणीने समजावता येतो, असे त्यांना आढळले; कमी उत्पन्नाच्या गटात तर त्याहून क्षीण परिणाम. शिकलेले काही महिन्यांत विरते, म्हणून निर्णय घ्यायच्या वेळीच शिकवावे, हा त्यांचा सल्ला. या निष्कर्षाने बरीच खळबळ उडाली. नंतर कैझर, लुसार्डी आदींनी ७६ काटेकोर प्रयोगांचा आढावा घेतला आणि शिक्षणाचा परिणाम स्पष्टपणे चांगला होतो असे दाखवले. म्हणजे वाद मिटलेला नाही. पण वस्तीतल्या कार्यकर्त्याला त्यातून पुरेसे हाती लागते: कर्ज घ्यायच्या आठवड्यात कर्ज शिकवा, पॉलिसी हातात पडली त्या महिन्यात पॉलिसी.

शिवाय गरिबाला काटकसर शिकवण्यात एक उद्धटपणा आहे. बारा हजारांत पाच माणसांचे घर चालवणारीला बचत कशी करावी हे पगारदार माणसाने सांगणे विनोदीच. सकाळी मार्केटयार्डात नऊशे घेऊन संध्याकाळी हजार फेडणारी भाजीवाली दर समजत नाही म्हणून ते करत नाही. तिला दुसरे कुणी नऊशे देत नाही म्हणून करते. १९९३ च्या सुमारास मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून पुण्यात ‘अन्नपूर्णा’चे काम सुरू केले ते अशाच बायकांबरोबर, आणि सुरुवात प्रवचनाने न करता कर्जाने केली. २०२० पासून पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना पहिले कर्ज तारण न देता मिळू लागले. वेळेवर फेडले तर व्याजात सात टक्क्यांची सवलत आणि पुढचे कर्ज मोठे. ही माहिती भाजीवालीला द्यायची आणि अर्ज भरायला तिच्याशेजारी बसायचे, यापुढे काटकसरीचे व्याख्यान फिके आहे.

अडाणी म्हणून गणल्या गेलेल्यांचे गणित किती पक्के असते, याचा किस्सा माण तालुक्यातला आहे. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचे ठरवले. प्रवर्तक सदस्यांपैकी अनेकींचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली. बायका आधी हिरमुसल्या, मग लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. तुमच्या अधिकाऱ्यांना कॅलक्युलेटरशिवाय व्याज काढायला सांगा, आम्हीही काढतो, असे त्यांनी तिथे आव्हान दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हा किस्सा सांगून लोक टाळ्या घेतात आणि त्यातला अर्धा भाग गाळतात. त्या बायका लिहायला शिकल्या, आणि का शिकल्या? एक ठरावीक कागद मंजूर करून घ्यायचा होता म्हणून.

पुण्यातले उदाहरण याहून जवळचे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या त्या साक्षरतेचे काम घेऊन. मुलांना शिकवता शिकवता कळले की मुले आयांबरोबर कचराकुंडीवर जातात, म्हणून शिक्षिकाही कुंडीवर गेल्या. तिथे दिसला भंगारवाल्याचा काटा. वजनात मार, भावात मार, आणि हातउसने दिलेल्या पैशांच्या बदल्यात माल त्यालाच घालायची सक्ती. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे ओळखपत्रे आली, महापालिकेने विमा दिला, सदस्यांची पतसंस्था झाली, भंगाराची स्वतःची दुकाने निघाली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. सुरुवातीला कुणी ‘अर्थसाक्षरता’ असा फलक लावला असता, तर कुंडीवरची एकही बाई आली नसती. काट्यावरून भांडण सुरू झाले, म्हणून त्या आल्या.

विश्रांतवाडीचा विचार या अंगाने केला तर इथे एकाच चौकातून तीन तऱ्हेची माणसे ये-जा करताना दिसतात. दिघी-कळस आणि खडकीच्या लष्करी आस्थापनांमधून निवृत्त झालेले पेन्शनर आहेत. धानोरी-टिंगरेनगरच्या नव्या इमारतींत गृहकर्जाचे हप्ते भरणारी तरुण जोडपी आहेत. आणि त्यांच्या घरी स्वयंपाक-धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या माणसांच्या वस्त्या आहेत. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत आणि एकाच पडद्यावर ते मावत नाहीत.

पेन्शनरांचा विषय ठेवींचा, आणि पुण्यात या विषयावर बोलताना रुपी बँक टाळता येत नाही. १९१२ साली स्थापन झालेली ही बँक. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. ठेवीदारांनी साडेनऊ वर्षे आपल्याच पैशांसाठी अर्ज, मोर्चे आणि वैद्यकीय कारणांचे दाखले यांत घालवली. ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा परवाना त्याआधी, २०२१ मध्येच गेला होता. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंत आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाख होते, तेही १९९३ पासून तसेच अडकलेले. केरळातली पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडाल्या. त्यानंतर १९६२ च्या जानेवारीत हा विमा सुरू झाला. तेव्हाची मर्यादा दीड हजार रुपये. आता २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारालाही नव्वद दिवसांत विम्याचे पैसे मिळायची सोय झाली आहे. रुपीच्या ठेवीदारांना ही सोय २०१३ मध्येच असती तर किती जणांची म्हातारपणे सुखात गेली असती.

हे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा एक गोष्ट प्रत्येक ठेवीदाराने आपल्या पावतीवर बोट ठेवून पाहावी. पावती बँकेची आहे की पतसंस्थेची? पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. दारावरची पाटी, काउंटर, पासबुक, व्यवस्थापकाचा टाय, सगळे बँकेसारखे असते, आणि अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळते म्हणून फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम तिथे जाते. पतसंस्था वाईट असतात असे नाही. महाराष्ट्राच्या छोट्या दुकानदाराला त्यांनीच उभे केले. पण निवृत्तीची अख्खी पुंजी एका पतसंस्थेत ठेवणाऱ्याला त्या दीड ओळीचा फरक ठाऊक असायला हवा, आणि बहुतेकांना तो नसतो. आर्थिक शिक्षणात एवढी एकच गोष्ट शिकवायची म्हटले, तर ती हीच असावी, असे या व्याख्यात्याचे मत आहे.

भिशीबद्दलही दोन शब्द हवेत, कारण तिला नाके मुरडण्याची फॅशन आहे. ओळखीच्या वीस जणी दोन हजार टाकतात, महिन्याला चाळीस हजार जमतात, चिठ्ठी निघेल तिला मिळतात. यात बचतीची सक्ती आहे आणि शेजारणीचा धाक आहे. बँकेच्या आवर्ती ठेवीत तो धाक नसतो. लिलावाच्या भिशीत गरजवंत बाई सहा हजार सोडून चौतीस हजार उचलते आणि ते सहा हजार वीसजणींत तीनशे-तीनशे वाटले जातात. तिने व्याज भरले, इतरांना मिळाले, कागद कुठेच नाही. ओळखीच्या घेऱ्यात हे चालते. घेरा मोठा झाला, एक ‘भिशीवाले भाऊ’ मध्ये आले, महिन्याला ठरलेल्या टक्क्यांचे वायदे सुरू झाले, की ती भिशी राहत नाही. तिथे १९८२ चा चिट फंड कायदा किंवा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा लागू होऊ शकतो, आणि पैसे बुडाल्यावर पोलिस चौकीत त्याचीच चर्चा होते. भिशी बंद करा असे सांगायला जाऊ नये. वही ठेवा, दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा, असे सांगावे. गावनिबंधकाचे कामही यापेक्षा फार वेगळे नव्हते.

तरुण जोडप्यांपुढे सगळ्यात मोठा कागद घराचा असतो. महारेरा १ मे २०१७ पासून आहे. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. विक्री चटई क्षेत्रावर व्हायला हवी. आणि ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापावा लागतो, तो फोनने टिपला की मंजुऱ्यांपासून मुदतीपर्यंत सगळे उघडते. ‘प्री-लॉन्च भाव’ म्हणून नोंदणीआधीच पैसे मागणारा माणूस समोर बसला असेल तर त्याच्यासमोरच तो कोड मागावा. संगणकावर दिवसभर काम करणारी माणसे हे सहज करू शकतात आणि तरीही करत नाहीत. नमुना फ्लॅटमधल्या दिव्यांचा झगमगाट त्याला कारण असावा.

वस्तीतल्या बायकांकडे मात्र अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये थेट खात्यात येऊ लागले, तेव्हा पासबुक भरून घेणे, आधार जोडणी, केवायसी यांच्यासाठी बायका बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या. घरातल्या पुरुषाला न विचारता स्वतःच्या नावाचे खाते वापरणे काहींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. योजनेबद्दल मते काहीही असोत, शिकवणाऱ्याने ही रांग सोडू नये. फोनवर कुणाकडून पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन पैसे देताना लागतो, हे तिथेच दोन मिनिटांत सांगता येते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा आणि बँकेला कळवून त्याची पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकावर तोशीस येत नाही. उशीर झाला की येते. लाज वाटून गप्प बसलेल्या माणसाचे तीन दिवस भुर्रकन जातात.

तक्रारीबद्दलचा समज तर सगळ्यांचाच चुकीचा आहे: वकील, कोर्ट, खर्च. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते. कंपनी गुरुग्रामची असली तरी. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील बंधनकारक नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ आहे आणि बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, त्याचे काम नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकत्र चालते. पण लोकपालाकडे जाण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. ‘मी तीनदा जाऊन सांगून आलो’ याला तिथे किंमत नाही. लेखी तक्रार आणि तिची पोच, या दोन गोष्टी शाळेतल्या निबंधाइतक्या सवयीच्या व्हायला हव्यात.

हे सगळे शिकवायचे कुणी? आळंदी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आयुष्यभर फायली, पावत्या, साठ्याच्या नोंदवह्या सांभाळलेली निवृत्त माणसे शेकड्यांनी राहतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी येते तेव्हा याच माणसांच्या मंडळांतून पाणी, जेवण, औषधोपचार यांची चोख व्यवस्था होते. महिन्यातून दोन संध्याकाळी वाचनालयात किंवा समाजमंदिरात एक टेबल मांडून ‘तुमचा कागद घेऊन या’ असे त्यांनी म्हटले तर ते जमण्यासारखे आहे. अट एवढीच की टेबलामागे बसणाऱ्याने काही विकू नये, कुणाचे कमिशन घेऊ नये आणि गुंतवणुकीच्या टिपा देऊ नयेत. ‘कुठे गुंतवू?’ या प्रश्नाला त्या टेबलावर उत्तर नसावे. ‘यात काय लिहिले आहे?’ या प्रश्नाला असावे.

टेबलाचे वेळापत्रक वस्तीच्या वर्षाप्रमाणे लावले तर माणसे आपोआप येतील. जूनमध्ये शाळेची फी आणि त्यासाठीची छोटी कर्जे, तेव्हा एपीआर. दिवाळीआधी फोन आणि फ्रिजचे ‘नो कॉस्ट’ हप्ते. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. रोखीची सवलत हप्तेवाल्याला मिळत नाही, वर फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, हे दोन बिले शेजारी ठेवून दाखवता येते. त्याच सुमारास किराण्याची पाकिटेही टेबलावर यावीत. दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव आता पाकिटावर छापलेला असतो आणि मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते हा समज तिथल्या तिथे तपासता येतो. नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांचे हयातीचे दाखले. ‘पेन्शन बंद होईल’ अशा धमकीच्या फोनांचा सुकाळ तेव्हाच असतो.

मार्चमध्ये कर वाचवण्याच्या नावाखाली विमा विकणारे दारोदार फिरतात, आणि बँकेत मुदत ठेव करायला गेलेला पेन्शनर दहा वर्षे हप्ते भरायची पॉलिसी घेऊन घरी येतो. ही बैठक मात्र मार्चमध्ये ठेवू नये. त्या महिन्यात कुणी ऐकत नाही, आणि ऐकले तरी ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून सही होतेच. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करण्याची मुभा दिली आहे. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च वजा जाता पैसे परत मिळतात. तेव्हा बैठक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी. येताना प्रत्येकाने पॉलिसीचे पाकीट आणि ते हाती पडल्याची तारीख दोन्ही सोबत आणावीत, आणि परतीचा अर्ज लिहायला कोरे कागद टेबलावर तयार असावेत.